सील तीनदा बदललं तरी ऑईल गळतंच: जुन्या पिकअपचं कोणतं काम घरी करावं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्यांनी लिहिलं आहे. घरी टोमॅटो आणि कांदा, आणि माल वाहायला २०११ सालची बोलेरो पिकअप. जुनं डीआय इंजिन, मेकॅनिकल पंपाचं. हंगामात माल नारायणगावच्या बाजारात जातो, इथे भाव पडला की माळशेज घाट उतरून कल्याणला. एका खेपेला ८५-९० क्रेट. वर्षभरात तीन दुखणी मागे लागली आहेत. एक, सकाळी हँडपंप (डिझेल हातानं पुढे ढकलायचा, इंजिनाजवळचा छोटा पंप) मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. दोन, मागच्या डाव्या चाकाचं सील (ऑईल अडवणारी रबरी रिंग) तीनदा बदललं, तरी ब्रेकचे लायनर ऑईलनं भिजतात. तीन, कमानीचा पाटा दोनदा तुटला, आणि मिस्त्री आता दोन जादा पाटे टाकायला सांगताहेत. आयटीआयला असलेला मुलगा मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवून म्हणतो, सगळं घरीच करू. धाकटा भाऊ म्हणतो, गाडीचं वय झालं, विका आणि हप्त्यावर नवी घ्या. मिस्त्रींशी वडिलांपासूनचे संबंध, त्यांना दुखवायचं नाही. काय करावं?

नमस्कार.

मुलाचं, भावाचं आणि मिस्त्रींचं अशी तीन मतं तुम्ही मांडलीत. तिन्ही मतांच्या मुळाशी मात्र एकच समजूत आहे: गाडी जुनी झाली, म्हणून ती बिघडते. आधी ही समजूतच तपासून पाहू. तुम्ही सांगितलेल्या तीन दुखण्यांपैकी दोन वयानं येत नाहीत. त्यांच्यामागे बहुधा वजनाचाही हात असतो.

क्रेटमध्ये साधारण २० किलो टोमॅटो बसतो. रिकामं क्रेट धरून २२ किलो म्हणा. ९० क्रेट म्हणजे १,९८० किलो, जवळजवळ दोन टन. आता गाडीचं आरसी काढा. त्यावर अनलेडन (रिकाम्या गाडीचं) आणि लेडन (भरलेल्या गाडीचं) अशी दोन वजनं असतात. लेडनमधून अनलेडन वजा केलं की जे उरतं त्यातच तुम्ही, सोबतचा माणूस, ताडपत्री, दोर आणि माल हे सगळं बसलं पाहिजे. या वर्गातल्या पिकअपना हा फरक साधारण एक ते सव्वा टन असतो. दोन माणसांचे दीडशे किलो काढले तर राहतात ४० ते ५० क्रेट. तुमचा नेमका आकडा आरसीवरून काढून केबिनमध्ये लिहून ठेवा. पुढच्या खेपेला भरलेली गाडी वजनकाट्यावर घ्या. एकदा पूर्ण गाडीचं वजन, एकदा फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. मागच्या अ‍ॅक्सलवर किती भार येतो हे त्या चिठ्ठीवर दिसेल, आणि पाटा का तुटतो हे वेगळं विचारावं लागणार नाही.

अर्थात निम्माच माल न्या म्हणणं सोपं आहे. डिझेल तेवढंच लागतं, तोडलेला माल थांबत नाही. जवळच्या बाजाराला दोन खेपा जमतात. कल्याणला जायचं असेल तेव्हा मात्र दोन शेतकऱ्यांनी मिळून मोठी गाडी भाड्यानं करणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं, कारण घाटातल्या एका जादा खेपेची किंमत तुम्ही पुढे पाटे, लायनर, सील आणि टायर यांच्या बिलात भरत असता. हा हिशेब कागदावर मांडून बघाच.

आता एकेक दुखणं घेऊ.

सकाळचा हँडपंप. हे काम घरी करण्यासारखं आहे, मुलाला इथूनच सुरुवात करू द्या. हँडपंप मारल्यावर गाडी पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लगेच उठते का, हे आधी नीट बघा. उठत असेल तर कॉम्प्रेशन, नोझल, बॅटरी यांच्यावर पैसे घालू नका. रात्री उभ्या गाडीत कुठूनतरी हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल मागे टाकीत उतरतं. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतचा) भाग ओढीवर चालतो, म्हणजे तिथे पाइपाला चीर असली तर चालू गाडीत डिझेल बाहेर न येता हवा आत ओढली जाते. म्हणूनच "कुठे गळत तर नाही" म्हणून ही जागा वर्षानुवर्षं सुटते.

शोधायचं असं. टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपाचे क्लिप सैल करा आणि क्लिपखालची जागा वाकवून बघा. चीर बहुतेक तिथेच असते, वरून दिसत नाही. पाइप कडक झाला असेल तर पूर्ण बदला, टोक कापून पुन्हा बसवत बसू नका. डिझेलचाच पाइप घ्या, पाण्याचा साधा पाइप डिझेलनं फुगतो. मग फिल्टरच्या बाऊलची रबरी रिंग आणि खालचा पाणी काढायचा स्क्रू बघा. त्यानंतर बँजो बोल्टचे (डिझेलचे पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर. हे एकदा दाबले गेले की कडक होतात आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत. फिल्टर बदलताना दर वेळी नवे घाला, किंमत अगदी किरकोळ असते. हँडपंपाची मूठ काम झाल्यावर पूर्ण फिरवून बसवली आहे ना, तेही पाहा. ती सैल राहिली तर तिथूनच हवा जाते. टाकी भरलेली असताना त्रास कमी आणि पाव टाकीवर जास्त, असं होत असेल तर टाकीतल्या ओढणाऱ्या नळीला गंजून बारीक भोक पडलेलं असू शकतं.

एवढं करूनही सापडलं नाही तर फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी तात्पुरती जोडा आणि इंजिन चालू करून बघा. बुडबुडे दिसले तर हवा त्या नळीच्या आधी, टाकीच्या बाजूला शिरते. दिसले नाहीत तर फिल्टरच्या बाजूला शोधा. एकेक जोड असा पुढे-मागे तपासत गेलं की जागा हाती लागते. सायलेन्सरच्या पाइपाला नळी टेकणार नाही याची काळजी घ्या आणि तपासणी झाली की काढून टाका.

फिल्टर बदलल्यावर एअर काढायची पद्धत बहुतेकांना माहीत असते, पण घाईत शेवटची पायरी चुकते. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा, हँडपंप मारत राहा, आधी फेस येईल, मग सलग डिझेल. पंपाचा दाब चालू असतानाच स्क्रू आवळायचा. दाब सोडून आवळला तर हवा परत आत जाते. गळती थांबवायला शेलॅक किंवा एम-सील लावू नका. त्याचा कण सुटून पंपात गेला तर काही रुपयांच्या वॉशरपायी पंप कॅलिब्रेशनला टाकावा लागतो. सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदच मारा, मधे अर्धा-एक मिनिट थांबा. आणि मुलाला एक गोष्ट बजावून सांगा: नोझल बाहेर काढून त्याचा फवारा हातावर घेऊन बघायचा नाही. तो २०० बारच्या आसपासच्या दाबानं निघतो आणि कातडीतून आत घुसतो. बाहेरून टाचणीएवढी खूण दिसते, पण तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागते.

हा सल्ला वाचणाऱ्या ज्या कुणाकडे कॉमन रेल इंजिनची (मेकॅनिकल पंपाऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं डिझेल फवारणारी) पिकअप असेल, त्यांनी फिल्टरपुढचं काहीही घरी उघडू नये. तिथला दाब हजार बारच्या वर असतो. व्हिडिओतली गाडी बाहेरून तुमच्यासारखीच दिसते, इंजिन वेगळं असतं. व्हिडिओ बघताना पहिली चौकशी हीच करायची.

आता मागचं डावं चाक. सील तीनदा बदलूनही गळतं, याचा अर्थ सील खराब निघालं असा नाही. सीलवर दाब किंवा धक्का येतो आहे आणि ते कारण तसंच राहिलं आहे. पण त्याआधी लायनर भिजवतंय ते नेमकं काय, हे ओळखा. बोटावर घ्या. पातळ, पिवळसर, पाण्यासारखं पसरणारं असेल तर ते ब्रेक ऑईल, म्हणजे व्हील सिलिंडर गळतोय. दाट, चिकट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर ते डिफरन्शिअलचं (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) गिअर ऑईल, शाफ्टच्या सीलमधून येणारं. दोन्हींचं औषध वेगळं आहे.

पत्रावरून ते गिअर ऑईल असावं असं वाटतं. तसं असेल तर कोणतंही सील विकत घेण्याआधी मुलाला गाडीखाली पाठवा (कशी, ते पुढे सांगतो) आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या नळकांड्यावर वरच्या बाजूला असलेला ब्रीदर शोधायला सांगा. बोटाच्या पेराएवढी टोपी असते, काही गाड्यांत तिला रबरी नळी जोडलेली असते. शेतवाटेच्या चिखलानं ती लिंपली जाते आणि वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. गाडी चालली की डिफरन्शिअलमधलं ऑईल तापतं, आतली हवा फुगते. ब्रीदर बंद असेल तर तिला बाहेर पडायला सीलच्या ओठाखेरीज वाट नसते, आणि ती जाताना ऑईल घेऊन जाते. नवं सील घातलं तरी महिन्याभरात तेच. ब्रीदर काढा, डिझेलमध्ये बुडवून तारेनं मोकळा करा, टोपी हातानं फिरते आणि वर-खाली होते ना पाहा, हवा मारा आणि बसवा. फिरत नसेल तर नवा घाला.

त्याच वेळी ऑईलची पातळी बघा. सपाट जागेवर गाडी उभी करून डिफरन्शिअलचा भरायचा बोल्ट उघडा. ऑईल भोकाच्या खालच्या काठाला लागलेलं असावं. उघडल्याबरोबर ओघळलं तर जास्त भरलेलं आहे. जास्तीचं ऑईलही सीलवरच चढतं. "थोडं जास्त टाका, चांगलं असतं" हा समज इथे नडतो.

ब्रीदर मोकळा, पातळी बरोबर, तरी गळतं? मग चाक उचलून वर-खाली धरून हलवून बघा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेलं आहे. शाफ्ट डगमगत असेल तर कितीही चांगलं सील असो, ओठ झिजणारच. सील जिथे घासतं तिथे शाफ्टवर नखाला लागेल अशी चर पडली असेल तरीही तेच. आणि इथे पुन्हा वजनाकडे यावं लागतं: क्षमतेच्या दीडपट-दुप्पट भार सतत असेल तर अ‍ॅक्सलचं नळकांडं किंचित वाकतं, शाफ्ट मधोमध राहत नाही आणि सील एका बाजूनं खाल्लं जातं. काढलेलं जुनं सील फेकू नका. ओठ सगळीकडे सारखा झिजला आहे की एकाच बाजूला, ते उजेडात धरून बघा. एकाच बाजूला झिजला असेल तर वरच्या कारणांपैकी पहिला संशय वाकलेल्या नळकांड्यावर जातो. ते काम लेथवाल्याचं आणि मिस्त्रींचं.

ऑईल प्यालेले लायनर पेट्रोलनं धुऊन किंवा पेटवून ऑईल जाळून पुन्हा बसवतात. कृपा करून हे करू नका. आत मुरलेलं ऑईल पहिल्या घाटात तापून पुन्हा वर येतं आणि एका बाजूचा ब्रेक सुटून गाडी ओढ घेते. लायनर नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात गेलं की निघत नाही.

ब्रेकच्या बाबतीत मी एक रेघ मारेन आणि ती तुम्ही पाळावी असं मनापासून वाटतं. ज्या कामात चूक झाली तर गाडी जागची हलत नाही, ते घरी शिका. ज्या कामात चूक झाली तर गाडी थांबत नाही किंवा वळत नाही, ते मिस्त्रींकडे द्या. म्हणजे मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, ब्रेकचे पाइप, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, टाय रॉड ही कामं घरची नाहीत. घरी तपासणी मात्र जरूर करा. इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरा. पेडल हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं रबर गेलं आहे. त्या दिवशी गाडी बाजाराला न्यायची नाही. डब्यातलं ब्रेक ऑईल चहासारखं काळपट झालं असेल तर ते बदलायला झालं.

ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदलायला का सांगतात, हे घाट उतरणाऱ्यानं समजून घ्यायलाच हवं. हे ऑईल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओल धरलेलं १४० च्या आसपास. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५. माळशेज उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच आलात तर व्हील सिलिंडरजवळचं जुनं ऑईल उकळतं, त्यात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल थेट फळीला टेकतं. खाली उतरून गाडी थंड झाली की पेडल पुन्हा नीट लागतं, म्हणून माणसाला वाटतं काहीच झालं नव्हतं. तुमच्या पत्रात असं कुठे म्हटलेलं नाही, पण लायनर भिजलेले, वजन दुप्पट आणि वाट घाटाची, हे तिन्ही एकत्र असताना विचारल्याशिवाय राहवत नाही. घाट ज्या गिअरवर चढला असता त्याच गिअरवर उतरा, गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायला जाऊ नका, आणि ऑईल सीलबंद छोट्या डब्यातलंच घ्या. अर्धा उघडा पडलेला डबा टाकून द्या.

जादा पाट्यांबद्दल. मिस्त्रींचा हेतू चांगला आहे, पण हा उपाय करू नका. पाटे वाढले म्हणून चासी, अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर यांची ताकद वाढत नाही. आधी जो पाटा तुटायचा त्याच्या जागी पुढचं महागडं काहीतरी तुटतं. दुसरं एक कारण फारसं कुणी सांगत नाही. मागच्या अ‍ॅक्सलजवळ दांडीला जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे का ते पाहा. हौदा खाली बसला की हा व्हॉल्व्ह समजतो की माल भरला आहे आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. जादा पाट्यांनी कमान कडक झाली तर भरलेली गाडीही खाली बसत नाही. व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते, मागचा ब्रेक कमी लागतो आणि दोन टन माल पुढच्या दोन चाकांच्या ब्रेकवर येतो. जड माल, कमी ब्रेक.

पाटा दोनदा तुटला तो कुठून तुटला ते मिस्त्रींना विचारा. मधल्या बोल्टच्या भोकाजवळ तुटला असेल तर यू-बोल्ट ढिले राहिले होते. नवी कमान बसवल्यावर यू-बोल्ट एकदा आवळून भागत नाही. भरलेल्या दोन-तीन खेपा झाल्या, साधारण ५०० किलोमीटर झाले, की पुन्हा आवळावे लागतात, आणि हे कुणीच करत नाही. मूळ मापाचे, मूळ संख्येचे पाटे कमानवाल्याकडून बसवून घ्या आणि पुन्हा आवळायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

मुलानं गाडीखाली जायचं ते कसं, हे आता. जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. सपाट, टणक जमीन, हँडब्रेक, उरलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. नट जमिनीवर असतानाच सैल करा, मग उचला, मग चासी किंवा अ‍ॅक्सलखाली तीन टनी स्टँड लावा, दोन स्टँड. विटा, सिमेंटचे ब्लॉक, दगडांची रास यांपैकी काहीही चालणार नाही. वीट किंवा ब्लॉक आधी काही इशारा न देता फुटतो. स्टँडवर गाडी बसल्यावर बाजूनं जोरात ढकलून बघा, मगच डोकं आत घाला. एकट्यानं नाही, कुणीतरी आवाजाच्या टप्प्यात हवं. ग्रीस गन आणि पानांचा संच घेण्याआधी हे स्टँड घ्या. ते नसतील तर व्हिडिओ बघणं आत्ताच थांबवा.

नेहमीची निगा बरीचशी सोपी आहे, म्हणून भराभर सांगतो. इंजिन ऑईल १५डब्ल्यू-४०, इंजिन कोमट असताना काढायचं, बोल्टचा तांब्याचा वॉशर नवा, फिल्टरच्या रबराला ऑईलचं बोट फिरवून टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा, पाना लावायचा नाही. जळकं ऑईल बांधावर किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नका, घेणारे असतात, त्यांना द्या. गिअरबॉक्समध्ये मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच ऑईल. दुकानदारानं डिफरन्शिअलचं जीएल-५ "दोन्हीला चालतं" म्हणून दिलं तर घेऊ नका, काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही. क्रॉस, प्रॉपेलर शाफ्टचा सरकता जोड आणि कमानीच्या पिना यांच्या निपलांना महिन्यातून एकदा आणि दर धुण्यानंतर ग्रीस, आतलं जुनं मळकट ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ दिसेपर्यंत. एअर फिल्टर कागदी असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारा, धुऊ नका. फिल्टर ते टर्बो पाइपाची क्लिप दर वेळी हातानं हलवून बघा. ती सैल असेल तर सगळी धूळ फिल्टर टाळून इंजिनात जाते.

रेडिएटरवर मात्र थोडं थांबतो. बोअरचं पाणी घालायची सवय असेल तर सोडा. त्यातल्या क्षारांचा थर नळ्यांत बसतो आणि उन्हाळ्यात गाडी तापायला लागते. मग कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकतो, आणि गाडी तापायची थांबली म्हणून सगळे खूश होतात. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंडीत कामाच्या तापमानाला पोहोचत नाही, डिझेल जास्त पितं, काजळी धरतं, रिंगा लवकर झिजतात. तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का, हे मिस्त्रींना विचारा. नसेल तर रेडिएटर साफ करून परत बसवून घ्या आणि तयार कूलंट भरा. झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडायचं नाही.

हौद्यात टोमॅटोचा रस आणि खतांच्या गोण्यांची पावडर राहिली तर पत्रा दोन पावसाळ्यांत खाल्ला जातो. माल उतरवल्यावर साध्या पाण्यानं धुवा, कोपऱ्यातली पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. गंज तारेच्या ब्रशनं चमकेपर्यंत घासून रेड ऑक्साइड, मग रंग. हौद्याला वेल्डिंग करताना बॅटरीची वायर आणि अल्टरनेटरची जोडणी काढा. चासीला वेल्डिंग घरी करू नका.

आता मिस्त्रींचं. त्यांना दुखवण्याची भीती तुम्हाला वाटते, पण गाडी तुम्ही त्यांच्याकडे कधी नेता ते आठवा. संध्याकाळी नेता, "काहीतरी करा, पहाटे माल भरायचाय" म्हणून. अशा वेळी कुठलाही मिस्त्री गळणारं सील बदलेल, कारण शोधायला त्याला वेळच मिळत नाही. हंगाम संपल्यावर दोन दिवस गाडी त्यांच्याकडे सोडा. सांगा, "सील का जातंय ते शोधून द्या, शोधायच्या कामाचे पैसे वेगळे घ्या." आणि मुलाला त्या दोन दिवसांत हाताखाली ठेवून घ्यायची विनंती करा. ब्रेकची एअर काढायला तसेही दोन माणसं लागतात: एक पेडलवर, एक चाकाशी, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. व्हिडिओत हे दिसतं, पण पेडल बरोबर किती कडक लागलं पाहिजे ते पायालाच कळतं, आणि ते मिस्त्रींच्या शेजारी बसून शिकता येतं. ग्रीस, ऑईल, फिल्टर घरी केलंत म्हणून त्यांचं नुकसान होत नाही. त्यांची मोठी कामं तुम्ही त्यांच्याकडेच नेणार आहात, हे मोकळेपणानं बोला.

विकायचा प्रश्न शेवटी ठेवला, कारण वरचं झाल्याशिवाय त्याचं उत्तर नीट निघत नाही. भावाचं म्हणणं उडवून लावू नका. तुमची गाडी हंगामात राबते, हप्ता मात्र बाराही महिने द्यावा लागतो. म्हणून वर्षभराची दुरुस्तीची सगळी बिलं एकत्र करा, त्यातून जादा वजनामुळे झालेली वजा करा, आणि उरलेली रक्कम वर्षाच्या हप्त्यांशेजारी मांडा. मात्र काही गोष्टी दिसल्या तर हा हिशेब न करताच विका. कमानीचे ब्रॅकेट चासीला जिथे जोडले आहेत तिथे तारेच्या ब्रशनं घासून बघा. चिरा असतील, किंवा एकदा वेल्डिंग केलेल्या जागी पुन्हा चीर असेल, तर या गाडीत आणखी पैसे घालण्यात अर्थ नाही. इंजिन गरम असताना ऑईल भरायचं झाकण काढून फक्त वर ठेवा. धूर भसाभसा येऊन झाकण नाचायला लागलं तर रिंगा झिजल्या आहेत, इंजिन खोलावं लागेल. रेडिएटर थंड असताना झाकण काढून इंजिन चालू करा. सलग बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट बघावं लागेल.

कागदपत्रंही पाहा. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी काढावं लागतं आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. पंधरा वर्षांनंतर फिटनेसची फी बरीच वाढते. तुमच्या बीएस-३ (जुन्या प्रदूषण मानकाच्या) गाडीचं पीयूसी सहा महिन्यांचं असतं. २०११ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांचा टप्पा आलाच, तेव्हा तुमच्या आरटीओतले आजचे दर हिशेबात धरा. फिटनेस संपलेलं असताना अपघात झाला तर विमा कंपनी हरकत घेऊ शकते, मग वाचवलेली फी फार महाग पडते.

सुरुवात या आठवड्यात ब्रीदरपासून करा. मोकळा केल्यावर ऑईलची पातळी बरोबर करा, मिस्त्रींकडून चौथं सील आणि दोन्ही बाजूंचे नवे लायनर बसवून घ्या, आणि आरसीवरच्या वजनात ५०० किलोमीटर चालवून डावा ड्रम पुन्हा उघडून बघा. कोरडा असेल तर गाडी ठेवा आणि पाट्यांचं काम करून घ्या. ओला असेल तर काढलेलं सील आणि वजनकाट्याच्या दोन्ही चिठ्ठ्या घेऊन मिस्त्रींकडे जा, आणि बाकी कशालाही हात लावण्याआधी अ‍ॅक्सलचं नळकांडं वाकलंय का ते तपासून घ्या.